महाविद्यालयांचे सहकार्य आणि दूरशिक्षण : एक अभ्यास

वर्षावासाच्या काळात आपल्या विहारात दर रविवारी वंदनेनंतर अभ्यासवर्ग चालतो, हे सर्व सभासदांना ठाऊक आहेच. वर्ग संपला, चहा झाला, की काही मंडळी मागे रेंगाळतात. कोणी बारावीनंतर वडील वारले म्हणून कंपनीत पाळीवर लागलेला तरुण असतो. कोणी भगिनी असतात, ज्यांचे पदवीचे दुसरे वर्ष लग्नामुळे सुटले ते सुटलेच. कोणी कार्यालयातले गृहस्थ असतात, ज्यांची बढती केवळ पदवी नाही म्हणून अडलेली असते. या सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : "आता या वयात, नोकरी आणि संसार सांभाळून, आम्हाला शिकता येईल का?"

येईल, हे आमचे उत्तर आहे. पण कसे, कोठे, किती कष्टाने आणि कोणती सावधगिरी बाळगून, हे नीट समजून घेतल्याशिवाय नुसते "येईल" म्हणणे बेजबाबदारपणाचे ठरेल. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने दूरशिक्षण म्हणजे काय, त्यात महाविद्यालये एकत्र येऊन कोणते काम करतात व करू शकतात, आणि आपल्यासारख्या संस्थेचा त्यात वाटा कोणता, याचा थोडा अभ्यास मांडण्याचे आम्ही ठरविले आहे. विद्यार्थ्यांनी हा लेख पाठ म्हणून वाचावा आणि सभासदांनी आपले कर्तव्य म्हणून वाचावा, अशी विनंती आहे.

शाळेने माणसाच्या वेळेकडे पाहावे

महात्मा फुले व सावित्रीबाई यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, हे लहान मुलालाही माहीत असते. पण १८५५ साली त्यांनी शेतकरी व मजुरांसाठी रात्रीची शाळा सुरू केली, याची आठवण फारशी निघत नाही. दिवसभर राबणाऱ्या माणसाला दिवसा शाळेत या असे सांगण्यात काही अर्थ नाही. त्याच्या हाताला उसंत मिळते तेव्हा शाळा उघडी असली पाहिजे, हा विचार त्या रात्रशाळेमागे होता.

हाच विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाविद्यालयीन शिक्षणात आणला. त्यांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ साली सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. या महाविद्यालयाचे वर्ग सकाळी भरत. सकाळी शिकून विद्यार्थ्याला दिवसा कामावर जाता यावे, हा त्यामागचा हेतू होता. १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सोसायटीचे महाविद्यालय निघाले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यातील मुलाला उच्च शिक्षणासाठी मुंबई-हैदराबाद गाठणे परवडणारे नव्हते. म्हणून महाविद्यालयच त्याच्या जवळ नेण्यात आले.

रात्रशाळेने आणि सकाळच्या महाविद्यालयाने शिक्षणाची वेळ बदलली, मिलिंद महाविद्यालयाने शिक्षणाचे ठिकाण बदलले. दूरशिक्षण या दोन्ही गोष्टी एकदम करते. त्यामुळे दूरशिक्षण ही आपल्याला परकी वस्तू नाही. आपल्याच परंपरेत ते नीट बसते.

दूरशिक्षण म्हणजे काय?

पुष्कळांची समजूत अशी असते की, दूरशिक्षण म्हणजे फी भरा, पुस्तके घ्या आणि परीक्षेला बसा. तसे नाही. बाहेरून परीक्षा देणे ही फार जुनी पद्धत आहे. लंडन विद्यापीठाने १८५८ पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांना आपल्या पदवी परीक्षा खुल्या केल्या. तेथे शिकविण्याची जबाबदारी मात्र विद्यापीठावर नव्हती. विद्यार्थ्याने कोठेही, कसेही शिकावे व परीक्षेला यावे, एवढेच होते. पत्रद्वारा शिक्षणात एक पाऊल पुढे पडले. त्यात पाठ टपालाने घरी येऊ लागले आणि उत्तरे तपासून परत येऊ लागली. आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली असे अभ्यासक्रम सुरू केले. मुंबई विद्यापीठाचे पत्रद्वारा शिक्षण १९७१ साली सुरू झाले.

त्यानंतर मुक्त विद्यापीठाची कल्पना आली. इंग्लंडमध्ये १९६९ साली ओपन युनिव्हर्सिटीला सनद मिळाली आणि १९७१ पासून विद्यार्थी शिकू लागले. प्रवेशासाठी पूर्वीच्या परीक्षांची अट नाही, हे तिचे वैशिष्ट्य होते. आपल्याकडे १९८२ साली हैदराबादला आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ निघाले. देशातील हे पहिले मुक्त विद्यापीठ. १९९१ साली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या काळात, त्याला डॉ. बी. आर. आंबेडकर मुक्त विद्यापीठ असे नाव देण्यात आले. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, स्थापन झाले. जुलै १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद आपल्या परिचयाचे आहे. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू होत.

चांगल्या दूरशिक्षणाला चार खांब असतात. पहिला खांब स्वयं-अध्ययन साहित्याचा. हे पुस्तक साध्या पाठ्यपुस्तकासारखे नसते. प्रत्येक घटकाच्या आरंभी उद्दिष्टे असतात, मध्ये मध्ये स्वतःला तपासण्याचे प्रश्न असतात आणि शेवटी सारांश व उत्तरे असतात. शिक्षक समोर नाही, तेव्हा पुस्तकानेच थांबून "समजले का?" असे विचारायचे असते. दुसरा खांब संपर्कसत्रांचा. सुट्टीच्या दिवशी जवळच्या अभ्यासकेंद्रात जाऊन शिक्षकांना अडचणी विचारायच्या. या शिक्षकांना समंत्रक म्हणतात. तिसरा खांब स्वाध्यायांचा. घरी लिहून द्यायचे, ते तपासून शेऱ्यासह परत मिळायला हवे. इग्नूच्या बहुतेक पदवी अभ्यासक्रमांत स्वाध्यायांना ३० टक्के व सत्रान्त परीक्षेला ७० टक्के वजन असते. चौथा खांब परीक्षेचा.

पुष्कळ विद्यार्थी फक्त पहिला आणि चौथा खांब धरतात. पुस्तके येतात, कपाटात राहतात आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उघडली जातात. मग नापास झाल्यावर "हे शिक्षण आपल्यासाठी नाही" असे म्हणून माणूस कायमचा गळतो. आमच्या पाहण्यात आलेली बहुतेक गळती याच प्रकारची आहे. बुद्धी कमी पडली असे क्वचितच झाले आहे. कमी पडली ती सोबत.

एकट्या महाविद्यालयाला हे का झेपत नाही?

हे चार खांब उभे करायचे तर काय लागते ते पाहा. चांगले स्वयं-अध्ययन साहित्य लिहायला विषयाचे जाणकार लेखक, भाषा सोपी करणारा संपादक आणि मजकूर तपासणारा दुसरा तज्ज्ञ हवा. संपर्कसत्रांना विद्यार्थ्याच्या गावाजवळ वर्गखोल्या व शिक्षक हवेत. स्वाध्याय तपासायला मनुष्यबळ हवे. ग्रंथालय हवे, संगणककक्ष हवा, परीक्षा केंद्र हवे. तालुक्याच्या एका महाविद्यालयाजवळ यांतील दोन-तीन गोष्टी असतात, सगळ्या नसतात. एखाद्या ठिकाणी अर्थशास्त्राचे उत्तम प्राध्यापक असतात, पण संगणक नसतात. दुसऱ्या ठिकाणी इमारत प्रशस्त असते, पण निम्म्या जागा रिकाम्या असतात.

विद्यार्थ्यांच्या संख्येचाही प्रश्न आहे. समजा, पाली भाषा शिकू इच्छिणारे आठ विद्यार्थी एका महाविद्यालयात आहेत. आठ विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र प्राध्यापक नेमणे व्यवस्थापनाला परवडत नाही, म्हणून तो विषय बंद पडतो. शेजारच्या चार महाविद्यालयांतही असेच आठ-आठ विद्यार्थी असतात आणि तेथेही विषय बंद पडतो. पाचही महाविद्यालये एकत्र आली तर चाळीस विद्यार्थ्यांचा एक चांगला वर्ग होतो. एक प्राध्यापक, एक पुस्तकसंच, महिन्यातून दोन रविवारी संपर्कसत्र आणि मधल्या काळात संगणकावरून किंवा मोबाइलवरून पाठ, एवढ्यात तो विषय जिवंत राहतो. सहकार्याची गरज या साध्या हिशेबातूनच निर्माण होते.

सहकार्याचे काही प्रत्यक्ष नमुने

एकत्र येऊन दूरशिक्षण देण्याचे प्रयोग नवे नाहीत. इंग्लंडच्या ओपन युनिव्हर्सिटीने सुरुवातीपासूनच इतर विद्यापीठांतील अध्यापकांना अर्धवेळ मार्गदर्शक म्हणून घेतले. उन्हाळ्याच्या सुट्टीत इतर विद्यापीठांच्या रिकाम्या इमारतींत निवासी वर्ग भरविले. इमारत एकाची, शिक्षक दुसऱ्याचा आणि अभ्यासक्रम तिसऱ्याचा, अशी ती व्यवस्था होती.

इग्नू आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ यांची अभ्यासकेंद्रे हा आपल्या डोळ्यांसमोरचा नमुना. ही केंद्रे बहुतांशी नेहमीच्या महाविद्यालयांतच असतात. आठवडाभर जेथे नियमित वर्ग भरतात, त्याच खोल्यांत रविवारी मुक्त विद्यापीठाची संपर्कसत्रे होतात. अभ्यासक्रम, पुस्तके, परीक्षा व पदवी विद्यापीठाची. जागा, समंत्रक, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय महाविद्यालयाचे. आसपासच्या इतर महाविद्यालयांतील अध्यापकही समंत्रक म्हणून येतात. त्यामुळे लहान गावातल्या विद्यार्थ्याला निरनिराळ्या संस्थांतील चांगल्या शिक्षकांचा लाभ होतो.

तिसरा नमुना तंत्रशिक्षणातील आहे. सात आयआयटी व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली 'एनपीटीईएल' हा संयुक्त उपक्रम सुरू केला. मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर, मद्रास, गुवाहाटी व रुरकी या त्या सात आयआयटी. प्रत्येक संस्थेने आपल्या बळाचे विषय वाटून घेतले, व्याख्याने चित्रित केली आणि ती सर्वांना विनामूल्य खुली केली. २०१४ पासून त्यावर प्रमाणपत्राचे ऑनलाइन अभ्यासक्रमही सुरू झाले. शिकणे फुकट, प्रमाणपत्र हवे असेल तर शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा. आमच्या मते त्यातली महत्त्वाची बाब पुढची आहे. देशभरच्या महाविद्यालयांत त्याची स्थानिक केंद्रे निघाली. तेथील एक प्राध्यापक विद्यार्थ्यांना नावे नोंदवायला लावतो, दर आठवड्याच्या स्वाध्यायाची आठवण देतो व अडचणी सोडवितो. मोठ्या संस्थेचे व्याख्यान आणि लहान महाविद्यालयाची सोबत, असा हा मेळ आहे.

९ जुलै २०१७ रोजी केंद्र सरकारने 'स्वयम्' हे व्यासपीठ सुरू केले. एनपीटीईएल, इग्नू, विद्यापीठ अनुदान आयोग, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था अशा नऊ राष्ट्रीय समन्वयक संस्था त्यात काम वाटून घेतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एखाद्या शिक्षणक्रमाच्या एका सत्रातील जास्तीत जास्त ४० टक्के विषय विद्यार्थ्याला 'स्वयम्'वरून पूर्ण करता येतात. मात्र त्याच्या विद्यापीठाने ते विषय मान्य केलेले असले पाहिजेत. म्हणजे आपल्या महाविद्यालयात जो विषय शिकवायला माणूस नाही, तो दुसऱ्या संस्थेकडून शिकून त्याचे श्रेयांक आपल्या पदवीत जमा करता येतात.

महाविद्यालयांनी प्रत्यक्ष एकत्र येण्याचे उदाहरण आपल्या राज्यातही आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेची साताऱ्यातील तीन महाविद्यालये एकत्र येऊन २०२१ साली कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले. अशा विद्यापीठाला समूह विद्यापीठ म्हणतात. मुंबईतही एल्फिन्स्टन, सिडनहॅम इत्यादी सरकारी महाविद्यालये एकत्र करून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ करण्यात आले. बाबासाहेबांनी पदवी घेतली ते एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि ते जेथे प्राध्यापक होते ते सिडनहॅम महाविद्यालय आज एकाच विद्यापीठात आहेत, ही आपल्याला आनंदाची गोष्ट वाटते. ही समूह विद्यापीठे मुळात दूरशिक्षणासाठी निघालेली नाहीत. पण वेगवेगळी महाविद्यालये प्राध्यापक, प्रयोगशाळा व ग्रंथालय वाटून घेऊ शकतात, हे त्यांनी दाखविले आहे.

श्रेयांकांचा हिशेब

वर श्रेयांक हा शब्द आला. तो विद्यार्थ्यांनी पक्का समजून घ्यावा. एक श्रेयांक म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास. यात वाचन, लेखन, संपर्कसत्र आणि उजळणी सगळे आले. चार श्रेयांकांच्या विषयाला १२० तास लागतात. कामावरून आल्यावर रोज एक तास अभ्यास केला तर तो विषय चार महिन्यांत होतो. रोज दोन तास दिले तर दोन महिन्यांत. सध्याच्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात, म्हणजे ३,६०० तास. तीन वर्षांनी भागले तर वर्षाला १,२०० तास, म्हणजे रोज सव्वातीन तासांहून थोडे अधिक.

हा आकडा पाहून घाबरू नये, पण तो लपवूही नये. पाळीची नोकरी करणाऱ्याला रोज इतका वेळ मिळणे कठीण आहे. म्हणूनच मुक्त विद्यापीठे पदवी पूर्ण करण्यास तीन वर्षांहून अधिक मुदत देतात. पाच वर्षे धरली तर रोज दोन तास पुरतात. "तीन वर्षांत झाली नाही म्हणजे हरलो" असे समजण्याचे कारण नाही. घरातल्या मंडळींनीही हा हिशेब ध्यानात घ्यावा. शिकणाऱ्या सुनेला संध्याकाळचे दोन तास मोकळे मिळाले नाहीत, तर तिचा अर्ज भरण्यात आपण दाखविलेला उत्साह फुकट गेला असे समजावे.

मिळविलेले श्रेयांक साठवून ठेवण्यासाठी २०२१ साली 'ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' ही व्यवस्था सुरू झाली. बँकेत पैसे जमा असतात तसे विद्यार्थ्याच्या नावे श्रेयांक जमा राहतात. मध्येच शिक्षण सुटले, तरी नियमात ठरलेल्या मुदतीपर्यंत ते वापरता येतात. दोन महाविद्यालयांत शिकलेले विषय एकाच पदवीत मोजणेही यामुळे सोपे झाले आहे. पूर्वी दुसरे वर्ष सोडलेल्या मुलीची दोन वर्षे वाया जात. पुढच्या पिढीवर ती पाळी येऊ नये, अशी अपेक्षा आहे.

पालीच्या अभ्यासाचे उदाहरण

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय घेऊ. आचार्य धर्मानंद कोसंबी हे मूळचे गोव्याचे. बौद्ध धर्माचा अभ्यास करण्यासाठी त्यांनी घर सोडले, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा प्रवास करून ते पाली शिकले. १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. पाली शिकण्यासाठी एका माणसाला समुद्र ओलांडावा लागला आणि तो परत आल्यामुळे महाराष्ट्रात पालीचे विद्यार्थी तयार झाले. आज मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठांत पालीच्या अभ्यासाची सोय आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. दुसरीकडे, २०१३ साली केंद्रीय लोकसेवा आयोगाने आपल्या वैकल्पिक विषयांच्या यादीतून पाली साहित्य वगळले होते, हेही विसरता येत नाही. दर्जा मिळाला, पण शिकणारे व शिकविणारे टिकले पाहिजेत.

एखाद्या जिल्ह्यातील चार महाविद्यालयांनी विद्यापीठाच्या संमतीने पालीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम दूरशिक्षणाने चालवायचा ठरविला, असे धरू. कामाची वाटणी अशी करता येईल :

१. ज्या महाविद्यालयात पालीचे प्राध्यापक आहेत, त्याने घटक लिहावेत व पाठ ध्वनिमुद्रित करावेत. पालीत उच्चाराला महत्त्व आहे. ऐकल्याशिवाय ती भाषा येत नाही.

२. ज्या महाविद्यालयात इतिहासाचा विभाग भक्कम आहे, त्याने अशोककालीन शिलालेख, कार्ले, कान्हेरी, अजिंठा येथील लेणी व बौद्ध संघाचा इतिहास हा भाग सांभाळावा आणि वर्षातून एक अभ्याससहल काढावी.

३. ज्या महाविद्यालयाचे ग्रंथालय मोठे आहे, त्याने चारही ठिकाणच्या विद्यार्थ्यांना एकाच ओळखपत्रावर पुस्तके द्यावीत.

४. ज्या महाविद्यालयात संगणककक्ष आहे, त्याने नोंदणी, स्वाध्याय स्वीकारणे व निकाल यांची व्यवस्था पाहावी.

संपर्कसत्र मात्र चारही ठिकाणी व्हावे, म्हणजे विद्यार्थ्याचा एसटीचा खर्च वाचेल. स्वाध्याय तपासून किती दिवसांत परत द्यायचे, समंत्रकाचे मानधन कोणी द्यायचे, फी कशी वाटून घ्यायची, तक्रार कोणाकडे करायची, या चार गोष्टी सुरुवातीलाच लेखी करारात असाव्यात. तोंडी सहकार्य पहिल्या वर्षी गोड असते. दुसऱ्या वर्षी प्राचार्य बदलले की ते संपते, आणि मधल्या मध्ये विद्यार्थी लटकतो.

एक सोय येथे नमूद करावीशी वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांनुसार नियमित पदवी घेत असताना दुसरा शिक्षणक्रम दूरशिक्षणाने वा ऑनलाइन करता येतो. वाणिज्य शाखेत नियमित शिकणाऱ्या मुलाला पालीचा किंवा बौद्ध तत्त्वज्ञानाचा अभ्यास सोडून देण्याचे आता कारण उरलेले नाही. फक्त आपल्या विद्यापीठाने ही तत्त्वे स्वीकारली आहेत ना, हे आधी विचारून घ्यावे.

फसवणुकीपासून सावध

आता एक कडू अनुभव. काही वर्षांपूर्वी आमच्याच अभ्यासवर्गातील एका तरुणाने परराज्यातील एका संस्थेची पदवी घेतली. शहरातल्या एका दुकानवजा कार्यालयातून त्याचा प्रवेश झाला. "वर्गाला येऊ नका, स्वाध्याय आम्ही पाहतो, फक्त फी भरा," असे त्याला सांगण्यात आले. त्याने कर्ज काढून पैसे भरले. गुणपत्रिका आली, घरी पेढे वाटले गेले. बढतीच्या वेळी कार्यालयाने पदवीची पडताळणी केली तेव्हा त्या संस्थेला तो शिक्षणक्रम चालविण्याची मान्यताच नसल्याचे निघाले. बढती गेली, पैसे गेले, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याने पुन्हा पुस्तक हातात घेतले नाही. आम्ही त्याला वेळीच विचारले नाही, ही चूक आमचीही आहे. तिची खंत अजून जात नाही.

असे केवळ एकट्यादुकट्याच्या बाबतीत घडत नाही. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी परवानगीशिवाय दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांविषयी निकाल दिला. २००१ ते २००५ या सत्रांतील विद्यार्थ्यांना पुन्हा परीक्षा देऊन पदवी टिकविण्याची संधी मिळाली. त्यानंतरच्या पदव्या रद्द ठरल्या. म्हणून प्रत्येकाने पुढील गोष्टी पाहाव्यात :

• पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाला असतो. महाविद्यालय हे केंद्र असते. परस्पर ठेका घेऊन केंद्र चालविण्यास आयोगाच्या नियमांत मनाई आहे. फीची पावती विद्यापीठाच्या नावानेच घ्यावी.

• विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या विद्यापीठाचे नाव, त्या शिक्षणक्रमाचे नाव आणि ते वर्ष, अशा तिन्ही गोष्टी आहेत का, ते पाहावे. विद्यापीठाचे नाव आहे, पण शिक्षणक्रम नाही, अशीही उदाहरणे असतात.

• २०२४ पासून प्रवेशासाठी विद्यार्थ्याने स्वतः आयोगाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून डीईबी क्रमांक घ्यायचा आहे. हे काम दलालाच्या हाती देऊ नये.

• अभियांत्रिकी, वैद्यकीय, परिचर्या, औषधनिर्माण, वास्तुशास्त्र, कायदा यांच्या पदव्या दूरशिक्षणाने मिळत नाहीत. कोणी "मिळवून देतो" म्हणाला तर तेथून उठून यावे.

मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या तोडीची मानावी, असे आयोगाने २०२२ साली पुन्हा स्पष्ट केले आहे. त्यामुळे मुलाखतीत मान खाली घालण्याचे काही कारण नाही.

आपली संस्था काय करू शकते?

सहकार्य महाविद्यालयांचे असले, तरी त्यात विहाराला जागा आहे. मोठ्या संस्था पाठ देऊ शकतात, महाविद्यालय समंत्रक देऊ शकते. पण विद्यार्थी आठवडाभर असतो आपल्या वस्तीत. तेथे त्याला सोबत देणारे आपणच. यासाठी आम्ही सभासदांपुढे पाच सूचना ठेवतो.

पहिली, विहाराचे सभागृह रोज संध्याकाळी सात ते नऊ अभ्यासिका म्हणून उघडे राहावे. दहा बाय दहाच्या खोलीत दूरदर्शनचा आवाज चालू असताना कोणाचाही अभ्यास होत नाही. दुसरी, जवळच्या अभ्यासकेंद्राचे संयोजक आणि दोन-तीन महाविद्यालयांचे प्राचार्य यांना वर्षातून एकदा विहारात बोलावून प्रवेशाची माहिती द्यावी. तिसरी, पदवीधर सभासदांनी एकेक विद्यार्थी वाटून घ्यावा व महिन्यातून एकदा त्याचा स्वाध्याय लिहून झाला की नाही एवढे विचारावे. शिकवायला वेळ नसला तरी विचारायला वेळ नसतो असे नाही. चौथी, जुनी पुस्तके परत घेऊन पुढच्या विद्यार्थ्याला द्यावीत. पाचवी, शिष्यवृत्ती व फी-सवलतीचे अर्ज भरण्यास मदत करावी. १९९० साली अनुसूचित जातींच्या सवलती बौद्ध समाजालाही लागू झाल्या. तो हक्क मोठ्या लढ्यातून मिळाला आहे. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला त्यातून काय मिळू शकते, याची समाजकल्याण कार्यालयात चौकशी करून माहिती फलकावर लावावी.

तथागतांनी भिक्खूंना चारी दिशांना जाण्यास सांगितले आणि धम्म लोकांना त्यांच्या स्वतःच्या भाषेत सांगण्यास अनुमती दिली. शिकणाऱ्याने गुरूच्या दारी येऊन थांबावे, असा तो मार्ग नव्हता. ज्ञान घेऊन चालत माणसापर्यंत जायचे होते, आणि तेही एकट्याने नव्हे, संघाच्या आधाराने. महाविद्यालयांनी एकमेकांचा हात धरून कामगाराच्या आणि गृहिणीच्या घरापर्यंत शिक्षण नेणे, हे त्याच वाटेवरचे काम आहे असे आम्हाला वाटते.

येत्या वर्षावासात वंदनेनंतर जे कोणी मागे रेंगाळतील, त्यांना "येईल" एवढेच सांगून आपण थांबू नये. त्यांना अर्ज कोठे मिळतो ते सांगावे, यादी दाखवावी, आणि पहिल्या संपर्कसत्राला आपल्यापैकी एकाने त्यांच्याबरोबर जावे. पुढच्या स्मरणिकेत, आपल्या विहारातून किती जणांनी प्रवेश घेतला आणि त्यांपैकी किती जण वर्षअखेर टिकले, हे दोन्ही आकडे आपण छापू. दुसरा आकडा पहिल्याच्या जवळ असावा, एवढीच या लेखामागची इच्छा आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!